गाडीचे ॲव्हरेज खरोखर कमी झाले आहे का, हे जुन्या नोंदी नसताना कसे ठरवावे?

कोयनाकाठ (प्रश्न)

माझ्याकडे २०१९ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी कार आहे. कराडमध्ये रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून एक-दोनदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला गावी जाणे, एवढाच तिचा वापर आहे. पूर्वी ही गाडी लिटरला १८ किलोमीटर सहज देत असे, परंतु गेल्या वर्षभरात पेट्रोलचा खर्च वाढल्यामुळे ॲव्हरेज १५ च्या आसपास आले असावे, असे वाटते. अडचण अशी की मी आजवर कधीही लिटर किंवा किलोमीटर लिहून ठेवलेले नाहीत. पंपावर पाचशे किंवा हजार रुपयांचे पेट्रोल भरायचे आणि मोबाइलवरून पैसे द्यायचे, एवढेच करत आलो. एका गॅरेजमध्ये विचारले असता इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करावे लागतील, असे सांगून बऱ्यापैकी मोठा खर्च सांगण्यात आला. तो करण्यापूर्वी ॲव्हरेज खरोखर कमी झाले आहे का, हे मला तपासायचे आहे. यापुढे इंधनाची आणि देखभालीची वही नेमकी कशी ठेवावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशोबनीस

नोंदी नाहीत असे आपण म्हणता, पण त्या आपल्याकडे आहेत, फक्त एका जागी नाहीत. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर छापलेले असतात आणि पेट्रोलचे पैसे मोबाइलवरून दिलेले असल्यामुळे त्यांच्या तारखा व रकमा बँकेच्या खातेपुस्तकात सापडतात. लागोपाठच्या दोन सर्व्हिसिंगमधील किलोमीटरचा फरक काढावा, त्या काळात पेट्रोलवर गेलेल्या एकूण रकमेला त्या वेळच्या दराने भागून लिटर काढावेत आणि किलोमीटरला लिटरने भागावे. आठ-दहा हजार किलोमीटरांच्या हिशोबात टाकीत सुरुवातीला किंवा शेवटी किती पेट्रोल होते, याने फारसा फरक पडत नाही. एखाद्या वेळी रोख पैसे दिलेले असतील, तर तेवढे लिटर हिशोबातून सुटतात आणि ॲव्हरेज प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पुढच्या नोंदींसाठी ठरावीक रकमेचे पेट्रोल भरण्याची सवय सोडावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. टाकी पूर्ण भरावी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच थांबावे आणि वरून आणखी पेट्रोल घालू देऊ नये. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसेच भरावे. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितकेच मधल्या किलोमीटरांत जळले. वहीत तारीख, एकूण किलोमीटर, लिटर, दर आणि ‘घाट’, ‘एसी’, ‘चार माणसे’ असा एखादा शब्द एवढे पुरते. कराडहून चिपळूणला उतरताना गाडी कमी पेट्रोल घेते आणि परतताना चढावर जास्त घेते, म्हणून चिपळूणला भरलेल्या पेट्रोलवरून स्वतंत्र निष्कर्ष काढू नये. जाणे आणि येणे दोन्ही एकाच हिशोबात यायला हवीत.

सरासरी काढताना बरेच जण एक चूक करतात. ३०० किलोमीटर २० च्या ॲव्हरेजने आणि नंतरचे ३०० किलोमीटर १२ च्या ॲव्हरेजने गेले, तर सरासरी १६ होत नाही. पहिल्या टप्प्यात १५ आणि दुसऱ्यात २५, असे ४० लिटर लागले, म्हणजे ६०० किलोमीटरांना खरे ॲव्हरेज १५ पडले. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हाच एक मार्ग आहे. जाहिरातीतला आकडा तुलनेला घेऊ नये, कारण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर आणि एसी बंद ठेवून होते. आपली तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या आकड्याशी व्हावी.

स्पॅनर

मी गेली अनेक वर्षे गॅरेज चालवतो आणि मला कळकळीने सांगावेसे वाटते की आकडा हातात आल्याशिवाय इंजेक्टरला हात लावू देऊ नका. ॲव्हरेज घटण्याचे एक कारण तर गाडीत नाहीच. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, पूर्वी ते १० टक्के होते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे १० वरून २० टक्क्यांवर आल्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट अपेक्षित आहे, म्हणजे १८ देणाऱ्या गाडीने १७.४ दिले, तर त्यात तिचा दोष नाही. त्याहून कमी मिळत असेल, तरच शोध सुरू करावा.

शोधाची सुरुवात चाकांपासून करावी. सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी आणि ती ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. त्यानंतर दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता, गाडी चालवून थांबावे आणि चारही चाकांच्या रिमजवळ, स्पर्श न करता, हात धरून पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर तिथला ब्रेक चिकटत आहे. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी बरेच दिवस उभी राहिली की मागच्या चाकांत हा त्रास हमखास दिसतो; जॅक लावून चाक हाताने फिरवले की लगेच कळतो. तापमानाचा काटा बराच वेळ गाडी चालवूनही खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) तपासून घ्यावा, कारण थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते. एअर फिल्टर घाण झाला की ॲव्हरेज पडते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, काळातली आहे. आताच्या इंजिनात हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मरतो, ॲव्हरेजवर तेवढा परिणाम होत नाही. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण त्यामुळे ॲव्हरेज दोनने वाढेल, अशी आशा धरू नये.

देखभालीची नोंद इंधनाच्याच वहीत, त्याच क्रमाने लिहावी, वेगळी वही करू नये. ‘टायर बदलले’ या ओळीच्या खालचे आकडे घसरलेले दिसले, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. प्रत्येक कामापुढे तारीख आणि किलोमीटर दोन्ही हवेत, कारण काही गोष्टी चालण्याने झिजतात आणि काही नुसत्या काळाने. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते, त्यामुळे गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. तीही वहीत उतरवून ठेवावी.

गोदातीर

मी नाशिकमध्ये सीएनजीची टॅक्सी चालवतो. वरची पद्धत सीएनजीला जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून लिहीत आहे. पंपावरचा दाब आणि हवेतली उष्णता यांनुसार त्याच सिलिंडरमध्ये कधी जास्त, तर कधी बराच कमी गॅस बसतो. त्यामुळे एका भरण्यावरून काढलेले ॲव्हरेज भरवशाचे नसते. मी दहा भरण्यांचे एकूण किलो आणि एकूण किलोमीटर घेतो. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन तापल्यावर गॅसवर जातात, त्यामुळे ते पेट्रोल वेगळ्या रकान्यात लिहावे लागते. नाहीतर गॅसचे ॲव्हरेज आहे त्यापेक्षा चांगले दिसते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी सक्तीची आहे, तिची पुढची तारीख मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

कोयनाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जुना हिशोब मांडला. गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी दोन सर्व्हिसिंगमध्ये गाडी १०,४४० किलोमीटर चालली आणि ६०,३२० रुपयांचे पेट्रोल लागले. १०४ रुपये दर धरला, तर ५८० लिटर, म्हणजे ॲव्हरेज बरोबर १८ येते. गेल्या वर्षी ९,३६० किलोमीटरांना ६२,४०० रुपये, म्हणजे ६०० लिटर आणि ॲव्हरेज १५.६. माझी शंका खरी ठरली असे वाटत असतानाच पत्नीने यादीतल्या दोनशे-दोनशे रुपयांच्या नोंदींकडे लक्ष वेधले. मुलीने गेल्या वर्षी कॉलेजला स्कूटर न्यायला सुरुवात केली आणि तिचे पेट्रोलही माझ्याच खात्यातून जात होते. त्या नोंदी ४,१६० रुपयांच्या, म्हणजे ४० लिटरच्या निघाल्या. त्या वजा केल्यावर ५६० लिटर उरले आणि कारचे ॲव्हरेज १६.७ झाले.

१७.४ च्या तुलनेत थोडी घट तरीही उरतेच. टाकी पूर्ण भरून पहिला हिशोब केला, तेव्हा ४७८ किलोमीटरांना २८.४ लिटर, म्हणजे १६.८ मिळाले. नंतर हवा तपासली असता ३३ ऐवजी २६ निघाली आणि मागचे उजवे चाक इतरांपेक्षा गरम लागले. दुसऱ्या एका मेकॅनिकने तिथले ब्रेक शू साफ करून बसवले. त्यानंतरच्या टाकीला ५०२ किलोमीटर आणि २९ लिटर, म्हणजे १७.३ पडले. ही एकच टाकी आहे आणि या वेळी गावी जाणेही झाले नाही, म्हणून आणखी चार टाक्यांचे आकडे जमल्यावर, घाटातील एक फेरी धरून, पुन्हा येथे लिहीन. इंजेक्टरचे काम तूर्त करत नाही. मुलीने स्कूटरसाठी वेगळी वही घातली आहे.