मदत हवी आहे: गुडघेदुखीचे रुग्ण व्यायामाला उपचारच मानत नाहीत

प्रश्न: नाशिकच्या पंचवटी-सिडकोकडच्या साठीच्या आसपासच्या रुग्णांसाठी सल्ला हवाय. निदान गुडघ्याची झीज. म्हणणं ठरलेलं: "मशीनचा शेक द्या, व्यायाम काय घरीही होतो." घरी केला की दुखतं, मग "झीज वाढली" म्हणून बंद. गोळी लिहून दिली नाही, तर डॉक्टरांनी हात टेकले असं वाटतं. यांना काय सांगावं? सुरुवात किती व्यायामाने करावी?

गोदाकाठ: आधी दुखण्याचा अर्थ सांगा, व्यायाम नंतर. "थोडं दुखेल" एवढ्याने भागत नाही, माप द्या. 0 ते 10 मध्ये 5 पर्यंत दुखलं तर चालेल; दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते पहिल्यासारखं व्हायला हवं. झालं नाही तर व्यायाम थांबवायचा नाही, आवर्तनं निम्मी करायची. सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हे रुग्णाला सांगा, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून 5 सेकंद धरायचं, 10 वेळा. मग उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ उचलून 5 सेकंद, 10 वेळा. श्वास रोखू देऊ नका. शेवटी खुर्चीतून उठबस. इथेच बहुतेकांचं बिनसतं, कारण खुर्ची बुटकी असते आणि गुडघ्यावर ताण येतो. उशी ठेवून बैठक उंच करा. ताकद जाणवायला 6 ते 8 आठवडे लागतात, हे पहिल्याच भेटीत सांगा.

मखमलाबाद: शेक नाकारू नका. 15 मिनिटं शेक, लगेच व्यायाम. रुग्णाला मशीनइतकंच कुणीतरी हात लावून तपासायला हवं असतं. नुसता व्यायामाचा कागद दिला की त्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं, म्हणून समोर करून घ्या. मधुमेह असेल तर शेकाआधी त्वचेची संवेदना तपासा, नाहीतर भाजतं.

प्रश्नकर्ता: आभार. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढू का, असं फार जण विचारतात.

गोदाकाठ: उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. उतरायला तरी फ्युनिक्युलर ट्रॉली (डोंगरउतारावर रुळांवरून चालणारी) घ्यायला सांगा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण त्याच बाजूला धरतात. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.