बोटं, ओठ, मग शब्द – आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ३९, घरी ब्लाउज शिवते, गाव सांगली जिल्ह्यात. गेल्या गणपतीपासून ७ वेळा एकच प्रकार झालाय.

उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या सुरू होतात. अंगाखाली हात झोपतो तशा नाहीत, सरकणाऱ्या. बोटं, तळहात, मनगट, कोपर. तिथून एकदम उडी मारून ओठाची उजवी कड आणि अर्धी जीभ बधिर. एकदा कुकर लावला होता म्हणून वेळेचा अंदाज आला: पहिल्या शिट्टीला बोटं, आणि गॅस बंद करून कुकर निवला तेव्हा ओठ. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. शेवटी शब्द अडकतात. मागच्या वेळी गिऱ्हाईक समोर बसलेलं. हातात बाही धरली होती, 'बाही' म्हणायचं होतं आणि तोंडातून 'वाटी' आलं. त्यांना वाटलं चेष्टा करतेय. तासाभरात सगळं पूर्ववत. डोकं दुखत नाही, फार तर दिवसभर उजेड नकोसा होतो. शुद्ध कधीच हरपली नाही.

आधी मानेचा मणका म्हणून पट्टा मिळाला. दीड महिना लावला. शिलाईकाम म्हटलं की सगळ्यांना मानच दिसते. मग मेंदू आणि मान दोन्हींचा एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) नॉर्मल, शुगर-थायरॉइड ठीक. बी१२ कमी, १६८ निघालं, इंजेक्शनं घेऊन ४५० झालं, त्यानंतरही दोनदा झालंच. न्यूरॉलॉजिस्टकडे दोन तासांनी नंबर, आत ४ मिनिटं. फिल्म उजेडाकडे धरली, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." बाहेर येऊन हे म्हणाले, चला, सुटलो. मी कुठे सुटले? सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, त्याला निदान फी नव्हती.

रिपोर्ट चांगले आले म्हणून रडू येतं, हे घरात बोलायची सोय नाही.

जाणकारांनी सांगावं: ही फिट असू शकते का? ईईजी काढला तेव्हा मला काहीच होत नव्हतं, मग त्यात काय दिसणार? आणि पुन्हा ४ मिनिटंच मिळाली तर काय बोलू?

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर नाही, पण माझ्या भावाला हुबेहूब असंच व्हायचं. मायग्रेनचा ऑरा निघाला, म्हणजे अर्धशिशीत बहुधा डोकं दुखण्याआधी येणाऱ्या मुंग्या, बधिरपणा, शब्द अडकणं अशा खुणा. डोकं न दुखताही येतो, हे आम्हाला पटायलाच महिना गेला. त्याच्या डॉक्टरांनी फायली बाजूला ठेवून एकच विचारलं, सरकायला किती वेळ लागतो? फिटमध्ये मुंग्या बहुतेक वेळा सेकंदांत धावतात, पक्षाघातात सहसा सगळं एकदम जातं, ऑरा मिनिटामिनिटाने पुढे जातो. तेव्हा तुमची कुकरची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. ईईजीचं तुमचं बरोबर आहे, नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असं होत नाही. पुढच्या वेळी घरच्यांना मोबाइलवर तुमचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगा. वहीत तारीख, झोप, पाळीचा दिवस लिहा. पण हाताची ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं किंवा नेहमीपेक्षा वेगळं काही वाटलं तर शिट्ट्या मोजू नका, १०८ ला फोन.

आणखी एक, रागवू नका. पाळीसाठी किंवा दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या चालू आहेत का? ऑरा असेल तर इस्ट्रोजेन या हार्मोनवाल्या गोळ्या टाळतात, पक्षाघाताचा धोका वाढतो.

धागाकर्ती

रागवू कशाला. आत्ताच पाकीट काढून बघितलं. एथिनिल इस्ट्राडिऑल लिहिलंय, म्हणजे इस्ट्रोजेनच. पाळी अनियमित म्हणून चालू केल्या होत्या. न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं नाही, आणि ह्यांच्यासमोर मीही पाळीचं काढलं नाही. सकाळी दवाखाना उघडला की आधी डॉक्टरबाईंना फोन लावते. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय: गोळ्या आषाढात सुरू, पहिल्यांदा झालं गणपतीत.