सल्ला हवा: अभिजात आणि विज्ञानकथा, वर्षभराची यादी कशी लावावी?

रंकाळा_पश्चिम:
नमस्कार मंडळी. वर्षभरात बारा पुस्तकं वाचायची आहेत. निम्मी 'वाचलीच पाहिजेत' अशी अभिजात, निम्मी विज्ञानकथा. मराठी अस्खलित, इंग्रजी जरा अडखळत. नुसती नावं नेटवर पोत्यानं मिळतात. मला क्रम हवा आहे, कुठली प्रत घ्यावी आणि लोक नेमके कुठे अडकून पुस्तक सोडतात तेही सांगा. कोल्हापुरात मिळेल असं असेल तर उत्तमच.

करवीरची_गल्ली:
विज्ञानकथेत कादंबरीनं सुरुवात करू नका. आधी कथासंग्रह घ्या, आणि तो जयंत नारळीकरांचा. माणूस जन्मानं कोल्हापूरचाच (१९३८). 'कृष्णविवर' या कथेला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली होती, जेणेकरून परीक्षकांनी नाव बघून गुण देऊ नयेत. 'यक्षांची देणगी' हा संग्रह आधी आणा.

'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायच्या आधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या: १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी फौजेचा धीर सुटला. कथा त्या एका गोळीवर उभी आहे. हे माहीत नसेल तर शेवटचा धक्का वायाच जातो. आणि ती संपली की लगेच रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) घ्या. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवा झालेला माधवराव. एक कथा 'असं झालं असतं तर' म्हणते, दुसरी 'जे झालं ते कसं सावरलं' ते दाखवते. अभिजात आणि विज्ञानकथा असे दोन वेगळे ढीग करायची गरजच नाही.

बटरपेपर:
नारळीकरांचाच 'उजव्या सोंडेचा गणपती' राहिला. त्यात डावं-उजवं पलटण्याचा पेच आहे आणि बरेच जण तिथं 'असं कसं होईल' म्हणून पान उलटतात. वाचण्याआधी पाच मिनिटं हे करा.

बटरपेपरची ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी कापा. स्केचपेननं ओळीनं सात-आठ छोटे गणपती काढा, सगळ्यांची सोंड एकाच बाजूला, शाई मागून दिसली पाहिजे. आता एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. जोडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा गणपती बघा. पलीकडचा डोक्यावर उभा दिसेल. पट्टी फिरवून त्याला सरळ करा, सोंड दुसऱ्या बाजूला गेलेली असेल. कुणी खोडून काढली नाही, फक्त एक फेरी झाली.

पूर्ण पीळ दिलात तर काहीच पलटत नाही, अर्धाच हवा. साध्या वहीच्या कागदावर शाई मागून दिसत नाही, म्हणून तिथं हे फसतं. १० सेंमीची पट्टी असेल तर ती वळताना चुरगळते.

कागल_रोड:
माझी जोडी वेगळी. कारेल चापेकचं 'आर. यू. आर.' हे १९२० सालचं नाटक आणि आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१). एकापाठोपाठ वाचा.

'रोबोट' हा शब्द जगाला त्या नाटकानं दिला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. आपल्याकडे शाहू महाराजांनी संस्थानात बंद केली तीच वेठ. त्यातले रोबोट पत्र्याचे नाहीत, कारखान्यात घडवलेली हाडामांसासारखी माणसंच आहेत. पत्र्याचा यंत्रमानव डोळ्यापुढे ठेवून वाचायला बसलात तर पहिला अंक चुकीचा कळतो.

'गोतावळा'त नारबा हा मळ्यावरचा गडी. बैल, म्हशी, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि दावणीवरची जनावरं एकेक करून जातात. यंत्र आलं की ज्याचे हात रिकामे होतात त्याचं काय होतं, हा प्रश्न मराठीत इतका जवळून दुसऱ्या कुणी मांडलाय असं मला वाटत नाही. भाषा कागलकडची आहे. पुण्या-मुंबईचे वाचक इथंच अडतात. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, कानाला लय सापडली की पुढं अडत नाही. आपल्या भागातल्यांना तेही लागणार नाही.

जुनी_प्रत:
इंग्रजीसाठी प्रतीबद्दल सांगतो, कारण तिथंच जास्त फसगत होते.

ज्यूल व्हर्नची समुद्राखालची 'वीस हजार लीग' (१८७०): फुकट मिळणारा जुना इंग्रजी अनुवाद टाळा. त्यात बराच मजकूर, विशेषतः शास्त्रीय भाग, गाळलेला आहे आणि आकडेही चुकलेत. 'संपूर्ण, नवा अनुवाद' असं छापलेली प्रत बघा. वीस हजार लीग ही खोली नव्हे, कापलेलं अंतर आहे, सुमारे ८०,००० किमी. पृथ्वीचा व्यासच १२,७०० किमीच्या आसपास, मग इतकं खोल कोण जाणार!

लेमचं 'सोलारिस' (१९६१): १९७० चा इंग्रजी अनुवाद मूळ पोलिशवरून नाही, फ्रेंचवरून केलेला आहे. थेट पोलिशवरून झालेला २०११ चा आहे, तोच घ्या.

'फ्रँकेन्स्टाईन': १८१८ आणि १८३१ अशा दोन संहिता आहेत. मी १८१८ ची सुचवेन, ती जास्त धारदार आहे. सुरुवातीला एका दर्यावर्दीची चार पत्रं येतात. ती ओलांडू नका, शेवट तिथंच परत येतो.

असिमॉव्हची 'फाउंडेशन' मालिका प्रकाशनाच्या क्रमानं: १९५१, १९५२, १९५३ ची तीन आधी. १९८८ चं पूर्वकथेचं पुस्तक 'कालक्रमानं पहिलं' म्हणून आधी वाचलंत तर मूळ पुस्तकांतली गुपितं फुटतात.

इंग्रजी अडखळत असेल तर या सगळ्यांआधी वेल्सचं 'टाइम मशीन' (१८९५). शंभरेक पानं, दोन-तीन बैठकांत संपतं.

रंकाळा_पश्चिम:
फारच नेमकं! अभिजातमध्ये 'मृत्युंजय' आणि 'ययाति' दोन्ही घेऊ का? आणि 'ड्यून' यंदा झेपेल?

करवीरची_गल्ली:
दोन्ही घ्या, पण लागोपाठ नको. दोन्हींत पात्रं आळीपाळीनं 'मी' म्हणून बोलतात, सलग वाचलं की आवाज एकमेकांत मिसळतात. 'मृत्युंजय' (१९६७) नंतर इरावती कर्व्यांचं 'युगान्त', त्यातला कर्णावरचा लेख आधी. कादंबरीनं जो कर्ण मनात बसवला त्याला ती बाई किती कठोरपणे तपासते ते बघा. हा क्रम उलटा केला तर कादंबरीत जीव रमत नाही. बाकी 'बनगरवाडी', 'स्मृतिचित्रे', 'फकिरा' कधीही, कुठल्याही क्रमानं.

जुनी_प्रत:
'ड्यून' बारावं ठेवा. शेवटी शब्दसूची आहे, तिथं खूण घालूनच सुरुवात करा. पहिल्या पन्नास पानांत अनोळखी शब्दांचा मारा असतो, प्रत्येक शब्द शोधत बसलात तर पुस्तक हातून सुटतं. वाक्यात दुसऱ्यांदा आला तरच मागं बघा.

कागल_रोड:
मराठी पुस्तकं विकत घ्यायच्या आधी भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. १८५० पासूनचं वाचनालय आहे, जुन्या आवृत्त्या तिथंच सापडायची शक्यता जास्त. जुनी प्रत हातात आली की आधी अनुक्रमणिका आणि शेवटची पानं तपासा. बांधणी सुटलेल्या प्रतींत शेवटचे आठ-सोळा पानांचे फर्मे गळालेले असतात, आणि ते कळतं नेमकं शेवटाला आल्यावर.