मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ : एकच की दोन?

प्रश्न : वृत्तपत्रांत सर्वत्र 'केंद्रीय मंत्रिमंडळ' हाच शब्द आढळतो, परंतु राज्यघटनेच्या ७४व्या अनुच्छेदाची चर्चा निघाली की 'मंत्रिपरिषद' हा शब्द पुढे येतो. मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना राज्यशास्त्र शिकवतो. या दोन शब्दांत भेद आहे असे सांगितले की, तो बोलण्यात किंवा बातम्यांत कुठेच कसा दिसत नाही, अशी शंका विद्यार्थी काढतात. हा भेद खरा मानावा की केवळ पुस्तकी?

प्रतिसाद : भेद खरा आहे, आणि तो मराठीत पुसट होत चालला आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. मंत्रिपरिषद म्हणजे पंतप्रधानांसह सर्व मंत्री. त्यात कॅबिनेट मंत्री येतात, स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री येतात, इतर राज्यमंत्री येतात आणि नेमलेले असल्यास उपमंत्रीही येतात. मंत्रिमंडळ, म्हणजेच कॅबिनेट, हा त्यांपैकी फक्त वरच्या दर्जाच्या मंत्र्यांचा लहान गट होय. धोरणाचे निर्णय हा गट घेतो, तर लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते ती संपूर्ण मंत्रिपरिषद. अनुच्छेद ७५(३) मध्ये ही जबाबदारी मंत्रिपरिषदेवरच टाकलेली आहे. म्हणून १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा बैठकीच्या खोलीत कधीही न बसलेल्या राज्यमंत्र्यांचेही पद गेले.

मूळ घटनेत 'कॅबिनेट' हा शब्द नव्हताच. तो अनुच्छेद ३५२ मध्ये १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आला, आणि त्यामागे २५ जून १९७५ ची रात्र आहे. त्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सही झाल्यानंतर. असे पुन्हा होऊ नये म्हणून, केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी उद्घोषणा करू नये, अशी अट घातली गेली. केवळ 'मंत्रिमंडळ' म्हणून दुरुस्ती करणारे थांबले नाहीत. पंतप्रधान आणि अनुच्छेद ७५ खाली नेमलेले कॅबिनेट दर्जाचे इतर मंत्री मिळून होणारी परिषद, असा त्याचा अर्थही त्यांनी तेथेच लिहून ठेवला. नागरिकांचे मूलभूत हक्क ज्या निर्णयाने आक्रसतात तो नेमका कोणी घ्यायचा हे ज्या शब्दावर ठरते, त्या शब्दाला पुस्तकी कसे म्हणावे?

उलट दिशेचे उदाहरण २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीचे आहे. पंतप्रधानांसह मंत्र्यांची एकूण संख्या लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, ही मर्यादा मंत्रिपरिषदेला आहे. ५४३ जागांच्या हिशेबाने ती ८१ भरते. 'मंत्रिमंडळात ८१ जणांना स्थान देता येते' असे वाक्य वाचून एखाद्याचा समज झाला की कॅबिनेटमध्ये ८१ माणसे बसू शकतात, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. राज्यांसाठीही हीच टक्केवारी आहे; तेथे आधार विधानसभेचा असून किमान १२ मंत्र्यांची सोय आहे. म्हणून २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होतात, आणि ४० आमदारांच्या गोव्यात टक्केवारीने सहाच येत असले तरी बारा मंत्री नेमता येतात.

बोलण्यात भेद का दिसत नाही, याचे कारण 'मंत्रिमंडळ' हा शब्दच मराठीत दोन कामे करतो हे आहे. 'मंत्रिमंडळ विस्तार' म्हणतो तेव्हा आपण परिषदेविषयी बोलत असतो, कारण केवळ राज्यमंत्र्यांचा शपथविधी झाला तरी आपण त्याला विस्तारच म्हणतो. 'मंत्रिमंडळाचा निर्णय' म्हणतो तेव्हा मात्र बोलणे कॅबिनेटविषयी असते. शिवाय 'परिषद' म्हटले की महाराष्ट्रात विधान परिषद किंवा जिल्हा परिषद डोळ्यांसमोर येते, त्यामुळे मंत्र्यांच्या समूहाला तो शब्द जिभेवर बसला नसावा. माझे मत असे की बातमीत संख्या, मर्यादा, शपथविधी किंवा लोकसभेतील विश्वास यांचा विषय असेल तेथे 'मंत्रिपरिषद' लिहावे, आणि बैठक व निर्णय यांसाठी 'मंत्रिमंडळ' राखून ठेवावे. लेखनाबाबत एवढेच सांगतो की 'मंत्री' सुटा असताना दीर्घ लिहिला जातो, पण 'मंत्रिन्' या मूळ रूपामुळे समासात तो ऱ्हस्व होतो. मंत्रिमंडळ, मंत्रिपरिषद, मंत्रिपद ही रूपे बरोबर, 'मंत्रीमंडळ' चुकीचे.

प्रतिप्रश्न : आभारी आहे. पंतप्रधानांची 'निवड' होते की 'नियुक्ती'? आणि 'राज्यमंत्री' या शब्दामुळे विद्यार्थ्यांना तो राज्य सरकारातील मंत्री वाटतो, त्याचे काय करावे?

प्रतिसाद : निवड आणि नियुक्ती या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी घडतात. नेत्याची निवड संसदीय पक्ष किंवा आघाडी करते. पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतात, आणि इतर मंत्र्यांची नियुक्तीही तेच करतात, पण पंतप्रधानांच्या सल्ल्यानुसार. म्हणून 'पंतप्रधानांनी अमुक यांना मंत्री नेमले' हे वाक्य व्यवहारात खपले तरी घटनेच्या भाषेत सैल आहे. कोणाला नेमता येते याची मुभाही बरीच मोठी आहे. संसदेचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते. सहा महिन्यांत दोहोंपैकी एका सभागृहाचे सदस्य होणे तेवढे आवश्यक असते. पूर्वी रामटेकचे खासदार राहिलेले नरसिंह राव २१ जून १९९१ रोजी पंतप्रधान झाले तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते, कारण त्या वर्षी त्यांनी लोकसभा लढवलीच नव्हती. नोव्हेंबरमध्ये नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले. त्यांनी अर्थखाते सोपवलेले मनमोहन सिंगही शपथ घेताना सदस्य नव्हते.

'राज्यमंत्री' हा शब्द 'मिनिस्टर ऑफ स्टेट' या इंग्रजी पदनामाच्या शब्दशः भाषांतरातून आला आहे. तेथे 'राज्य' म्हणजे शासनसंस्था, महाराष्ट्र किंवा गुजरात नव्हे. आता तो इतका रुळला आहे की बदलणे शक्य नाही. केंद्राविषयी लिहिताना 'केंद्रीय राज्यमंत्री' असे पूर्ण लिहिणे हाच उपाय दिसतो. स्वतंत्र प्रभार असलेला राज्यमंत्री आपल्या खात्याचा प्रमुख असतो, तरी तो मंत्रिमंडळाचा सदस्य नसतो. त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हा त्याला बैठकीस बोलावले जाते.

'उपपंतप्रधान' हे पद घटनेत नाही. वल्लभभाई पटेल यांच्यापासून १९७९ मधील यशवंतराव चव्हाण यांच्यापर्यंत आणि पुढेही अनेकांनी ते भूषवले. देवीलाल यांनी शपथ घेताना 'मंत्री' ऐवजी 'उपपंतप्रधान' म्हटले, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो शब्द केवळ वर्णनात्मक आहे, शपथ मंत्रिपदाचीच आहे, असे न्यायालयाने १९९० मध्ये मानले. आपल्याकडील उपमुख्यमंत्र्यांनाही हेच लागू होते.

आणखी एक प्रश्न : 'मंत्रालय', 'विभाग' आणि 'खाते' यांचा मेळ कसा घालावा? आणि 'सचिव' नेमका कोण?

प्रतिसाद : दिल्लीत मंत्रालय हा मोठा घटक आणि विभाग हा त्याचा भाग. एकट्या अर्थ मंत्रालयात आर्थिक व्यवहार, खर्च, महसूल, वित्तीय सेवा यांसह सहा विभाग आहेत. ही वाटणी अनुच्छेद ७७(३) खाली केलेल्या १९६१ च्या कार्यवाटप नियमांनी ठरते. मुंबईत मात्र 'मंत्रालय' ही एक इमारत आहे, जिचे नाव १९७५ पर्यंत 'सचिवालय' होते, आणि तिच्यात गृह विभाग, महसूल विभाग असे विभागच बसतात. महाराष्ट्राचे 'गृह मंत्रालय' असे लिहिणे म्हणून चुकीचे ठरते. 'खाते' हा बोलीतला शब्द दोन्हीकडे चालतो, आणि 'खातेवाटप' तर त्याच्यावाचून सांगताच येत नाही.

सचिव हा आज कायम सेवेतील अधिकारी असतो. केंद्रातील सचिवांच्या नेमणुकांना मंत्रिमंडळाची नियुक्तीविषयक समिती मान्यता देते. सर्वांत ज्येष्ठ असलेले मंत्रिमंडळ सचिवही अधिकारीच असतात, मंत्री नव्हेत. शिवकालात मात्र हे शब्द वेगळ्या रांगेत होते. अष्टप्रधानांत मंत्री म्हणजे वाकनीस (राजाच्या दैनंदिन कामकाजाची नोंद ठेवणारा) आणि सचिव म्हणजे सुरनीस (राजाचा पत्रव्यवहार पाहणारा). दोघेही समान मानाचे प्रधान होते आणि त्यांच्या अग्रभागी मुख्य प्रधान, म्हणजे पेशवा. आपण 'प्रधानमंत्री' न म्हणता 'पंतप्रधान' म्हणतो तो शब्द त्याच परंपरेतला आहे, आणि तो मराठीने सोडू नये असे मला वाटते.

अमेरिकेविषयी लिहिताना यामुळेच सावध राहावे लागते. तेथील खातेप्रमुखांच्या पदनामात 'सेक्रेटरी' हा शब्द असतो, परंतु ते राजकीय नेमणुकीचे असतात. राष्ट्राध्यक्ष त्यांची निवड करतात, सिनेट संमती देते, आणि काँग्रेसचे सदस्यत्व सोडल्याशिवाय कोणालाही ते पद घेता येत नाही. त्यांपैकी 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' यांना 'परराष्ट्र सचिव' लिहिले, तर वाचक त्यांची तुलना आपल्या परराष्ट्र सचिवांशी, म्हणजे मंत्र्यांच्या हाताखालील अधिकाऱ्याशी करील. मराठी वृत्तपत्रे त्यांना 'परराष्ट्रमंत्री' म्हणतात ते कामाच्या दृष्टीने योग्य आहे. मात्र हे मंत्री विधिमंडळाला जबाबदार नसून केवळ राष्ट्राध्यक्षांना जबाबदार असतात, एवढे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.