फुकट मिळालेली व्हीलचेअर मापाची नाही, काय करू?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला कमरेखाली संवेदना नाही. एका संस्थेने व्हीलचेअर दिली, पण ती इतकी रुंद आहे की तो सारखा एका बाजूला कलतो. आता माकडहाडाजवळ चट्टा उठलाय. नुसती उशी पुरेल का?

उत्तर १ : आधी चट्टा बघा. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल तर जखमेची सुरुवात समजा. सावळ्या त्वचेवर रंग नीट कळत नाही, जागा गरम किंवा कडक लागते का ते चाचपा. तिथला भार पूर्ण काढा आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

उत्तर २ : मी पंधरा वर्षं व्हीलचेअर वापरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मार्गदर्शिकेत माप घेणं, बसवून पाहणं, वापर शिकवणं, नंतरची तपासणी हे सगळं खुर्ची देण्याचाच भाग मानलंय. ते हक्काने मागा, संकोच करू नका. रस्ता खडबडीत असेल तर पुढची चाकंही मोठी हवीत. लहान चाकं खडीत रुततात आणि माणूस तोंडावर आपटतो. मी आपटलोय.

प्रश्नकर्ती : चट्टा पांढरा पडत नाहीये, गरमही लागतोय. त्याला कुशीवर झोपवलंय. डॉक्टरांकडे निघतोय.