मदत हवी आहे: निवेदक लहान मुलगी असेल तर तिला न कळणारं वाचकाला कसं कळवायचं?

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सराफ्यात घडणारी कथा लिहितेय, मर्यादा १५०० शब्दांची. निवेदन प्रथमपुरुषी, नऊ वर्षांच्या मुलीचं. आईने पाटल्या गहाण ठेवल्यात हे वाचकाला कळायला हवं, मुलीला मात्र शेवटपर्यंत नाही. कथेचा सगळा ताण त्यातच आहे.

आधी सर्वसाक्षी निवेदक घेऊन पाहिला. माहिती पोचली, पण मुलीचा आवाज गेला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मग आईबाबांचं बोलणं तिला दाराआडून ऐकू येतं असं केलं. ते फारच सोयीचं वाटतं, शिवाय एवढ्या मुलीला त्यातून सगळं समजेलच. मोठेपणी आठवून सांगणारी निवेदकही नको, कारण तिला शेवट ठाऊक असणार.

सध्या एकच जागा जमलीय. दिवसा आई तिला पेढीबाहेर उभं करून आत जाते. रात्री दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यासमोर खाऊच्या गाड्या लागतात, तेव्हा भुट्ट्याचा कीस खाताना मुलगी म्हणते, ‘आईच्या बांगड्या आज वेगळ्याच वाजतात.’

एवढ्यावर वाचकाला उमगेल का, की आधी आणखी एखादी खूण पेरावी लागेल? पेरायची तर पेढीच्या प्रसंगाआधी की नंतर?