लिथोट्रिप्सी फसली, कळ थांबत नाही

प्रश्न: 11 मिमीचा मुतखडा लिथोट्रिप्सीने (बाहेरून शॉक लहरी देऊन खडा फोडणे) फुटला नाही. आत डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी) आहे. लघवी करताना कमरेत कळ जाते. काय करावं?

उत्तर 1: ही कळ बहुधा स्टेंटची. जोर लावला की लघवी स्टेंटमधून उलटी किडनीकडे चढते. तुंबू देऊ नका, जोर लावू नका. मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिन 0.4 मिग्रॅ या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

उत्तर 2: सीटी रिपोर्टात हाउन्सफिल्ड आकडा (खडा किती घट्ट ते सांगणारा) बघा. 1000 च्या वर म्हणजे खडा टणक. पुन्हा शॉक देण्यापेक्षा दुर्बिणीतून लेझर बरं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे किडनीचं काम मंदावलं असेल) तर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक नकोच. आणि कळ चालू असताना घटाघटा पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही.

उत्तर 3: थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सी गाठा, तुंबलेल्या लघवीतला संसर्ग जिवावर बेततो. स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. फार दिवस राहिला तर त्यावरच खडे चढतात.